बारावी झाली, पुण्यात इंजिनिअरिंगला जायचंय. या सुट्टीत काय तयारी करू?

तू लिहिलंयस की गाव परभणीकडचं, अर्ज ओबीसीतून भरणार, आणि सुट्टीत पायथन शिकू, इंग्रजी बोलायचा क्लास लावू की लॅपटॉप बघत बसू. एवढ्या लांबलचक प्रश्नात जात वैधता प्रमाणपत्राचं नाव कुठेच नाही. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचतो.

व्हॅलिडिटी (हेच जात वैधता प्रमाणपत्र, जात पडताळणी समिती देते ते) हातात आहे का? असेल तर खालचं वाचू नकोस, आंबे खा. नसेल तर पायथन गेलं खड्ड्यात.

आम्ही जालना जिल्ह्यातले, जातीने सुतार. मी 2010 साली बारावी झालो. व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमार्फत आधीच गेला होता आणि मे महिन्यात समितीचं त्रुटीचं पत्र आलं: 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा जोडा. ओबीसीसाठी ही तारीख पाठ करून ठेव. (एससीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961.) म्हणजे तुझा किंवा तुझ्या वडिलांचा दाखला बहुतेक वेळा पुरत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं.

ते पत्र आलं तेव्हा मामा घरी आले होते. मामा पुण्यात नोकरीला, घरात त्यांचा शब्द शेवटचा. पत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "कागद काय, होतात. पोराला इंग्रजीचा एक शब्द बोलता येत नाही, तिथे मुलं हसतील त्याला." बाबा म्हणाले, आधी कागद. मामा म्हणाले, "दाजी, तुम्ही रंधा मारा, शिक्षणाचं आम्ही बघतो." बाबा गप्प बसले. सीईटीनंतर तिसऱ्या दिवशी मी मामांबरोबर पुण्याच्या गाडीत होतो.

क्लास सहा आठवड्यांचा. एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची शेड, वीस-बावीस मुलं, सगळी आमच्यासारखी खेड्यातली. रोज उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची. सहा आठवडे मी तीच चार वाक्यं बोललो आणि बाकीच्यांची तीच चार वाक्यं ऐकली. कोण कुठल्या तालुक्यातला, ते मला अजून पाठ आहे.

इकडे बाबा एकटे फिरत होते. गावच्या शाळेतलं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. आजोबा तर 1999 सालीच गेले होते, विचारायचं कुणाला? मग चुलत आजीला आठवलं की आजोबा लहानपणी त्यांच्या आजोळी राहून दुसरीपर्यंत शिकले होते. ते गाव पंधरा किलोमीटरवर. तिथल्या मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून रजिस्टर काढलं आणि हसले. सगळं उर्दूत. निजामाच्या राज्यातली शाळा, दुसरं काय असणार! साल 1355 लिहिलेलं. ते फसली साल, निजामाच्या कारभारात चालायचं ते; त्यात 590 मिळवायचे म्हणजे 1945 येतं. हे सगळं बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तालुक्याला एकाने पैसे घेऊन भाषांतर करून दिलं. टाईप केलेलं, शिक्का मारलेलं, दिसायला झकास. बाबांनी ते जसंच्या तसं समितीकडे जमा केलं. वीस दिवसांनी पुन्हा त्रुटी. कारण जातीच्या रकान्यात त्या माणसाने टाईप केलं होतं 'सत्तार'.

उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहित नाहीत. सीन, ते, अलिफ, रे, एवढंच लिहिलं असलं तर त्याचं सुतारही होतं, सत्तारही होतं आणि सितारसुद्धा होतं. आजोबांचं नाव विठ्ठल आणि जात सत्तार. समितीने परत पाठवलं त्यात त्यांची चूक मी आजही काढत नाही.

मग बाबांनी उर्दू शाळेतले एक निवृत्त गुरुजी गाठले. त्यांनी मूळ पान बघायचा हट्ट धरला, झेरॉक्सला हात लावला नाही. बाबांच्या सायकलीवर मागे बसून त्या शाळेत आले. आजोबांच्या नोंदीवर बोट ठेवलं, मग त्याच पानावरच्या लोहार, कुंभार अशा दुसऱ्या नोंदी वाचून दाखवल्या, आणि व्यवसायाच्या रकान्यातलं लाकूडकामही. तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं. पैसे घेतले नाहीत. बाबांनी त्यांना सागवानाची रेहाल करून दिली, कुराण ठेवायला. एकाच फळीतून कापलेली, दोन पाय एकमेकांत अडकलेले, खिळा नाही की सरस नाही. माझ्या मते बाबांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते.

पण तोवर जुलै संपत आला होता. कागद तपासणीच्या केंद्रावर माझ्या ओबीसीवर काट मारून मला ओपनमध्ये टाकलं. मार्क असे होते की ओबीसीतून शहरातलं चांगलं कॉलेज नक्की मिळालं असतं. ओपनमधून मिळालं ते शहराबाहेरचं, आणि अर्धी फी माफ व्हायची तिथे पूर्ण भरावी लागली. आमच्या नव्या घराच्या चौकटीसाठी बाबांनी बारा वर्षं सागाचं लाकूड सांभाळून ठेवलं होतं. दर पावसाळ्यात ते हलवून वाळत घालायचे. ते विकलं. व्हॅलिडिटी आली दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. आमच्या घराची चौकट आजही लोखंडी आहे. सुताराचं घर!

मामा अजून प्रत्येक लग्नात सांगतात, "त्या क्लासमुळे याला नोकरी लागली." मामा, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, पण नोकरी लागली ती चौथ्या वर्षी, आणि इंग्रजी मी शिकलो ते होस्टेलवरच्या केरळच्या रूममेटशी भांडून. त्याला मराठी येत नव्हतं, मला हिंदी धड येत नव्हतं, आणि बादली एकच होती.

तर तू काय करायचंस. आधी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, काका, आत्या, चुलत भावंडं, यांच्यापैकी कुणाकडे व्हॅलिडिटी आहे का विचार. असेल तर तुझं काम निम्म्याहून हलकं झालं. मामांची चालत नाही. (हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटतंय.) नसेल तर आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा (म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल), तो नसेल तर तहसीलमधलं कोतवाल बुक. तिथे जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. कागद उर्दूत किंवा मोडीत निघाला तर वाचणाऱ्याला मूळ पानाशी घेऊन जा आणि आजूबाजूच्या नोंदीही वाचून घे. नॉन-क्रिमिलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं, मागच्या वर्षीचं दाखवलंस तर तेही परत येईल. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि बँकेत तुझं नाव एकसारखं आहे का बघ. खातं आधारला जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्तीचे पैसे कुठे अडकले ते शोधण्यात वर्ष जातं. आणि कुठल्याही मूळ कागदाला लॅमिनेशन करू नकोस.

तू मुलगी आहेस म्हणून हे आणखी महत्त्वाचं. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, असेल तर. आमच्या वेळी अर्धी होती. आता कागद चुकला तर पूर्ण जाईल.

तुझे बाकीचे प्रश्न. लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस, कुठली शाखा मिळते ते कळू दे. पायथन पहिल्या वर्षी शिकवतील तेव्हा शीक. त्यापेक्षा इंजिनिअरिंग ग्राफिक्सकडे बघ, आमच्या वर्गात सगळ्यात जास्त मुलं त्यात गचकली. माझं ते निघालं, कारण क्लासला जायच्या आधी दोन दिवस बाबांबरोबर एका दाराचं काम केलं होतं. गुण्या (काटकोन बघायचं सुतारी हत्यार) लावून तेच दार पुढून, वरून आणि बाजूने कसं दिसेल ते त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं होतं. घरात कुणी सुतार, गवंडी, शिंपी असेल तर त्याच्याजवळ बस.

राहिलं इंग्रजीचं. सगळे क्लास वाईट नसतात. माझ्याबरोबरची एक मुलगी खरंच धीट झाली तिथे. आणि खरं सांगायचं तर त्या क्लासची फी मामांनी स्वतःच्या खिशातून भरली होती, सहा आठवडे मामींनी दोन वेळचा डबा दिला, आणि मी गेलो नसतो तरी ते रजिस्टर लवकर सापडलं असतंच असं नाही. अर्जाची पावती दाखवून व्हॅलिडिटी नंतर जमा करायला सरकार कधीकधी मुदत देतं, तेही आहे. पण ती मिळाली तर मिळाली.

आजोबांचं पूर्ण नाव, त्यांचं आजोळ आणि ते कितवीपर्यंत शिकले हे आजच कुणाला तरी विचारून वहीत लिहून ठेव. आजी असेल तर तिलाच आधी विचार.