तुडतुडा येतो कुठून?

प्रश्न: नमस्कार सर, आमची साकोलीकडे धानाची शेती आहे. दरवर्षी तुडतुडा लागतो, पानं जळाल्यासारखी होऊन बांधीत गोल गोल चट्टे पडतात. परवा मुलाने मोबाईलवर वाचून सांगितलं की जपानमध्ये हाच किडा समुद्रावरून उडत येतो. चार-पाच मिलिमीटरचा जीव, समुद्र कसा काय ओलांडेल? आणि आमच्याकडचा पण बाहेरूनच येतो का?

उत्तर: भाऊ, मुलगा बरोबर सांगतोय. जपानात थंडीत भाताचं पीकच नसतं आणि तपकिरी तुडतुडा भाताशिवाय जगत नाही, तरी दर जून-जुलैमध्ये तो हजर. 1732 साली तिकडे मोठा दुष्काळ पडला त्याचा दोष पण तुडतुड्यांवरच जातो, आणि जुने शेतकरी बांधीतल्या पाण्यावर व्हेल माशाचं तेल ओतून किडे त्यात झटकून पाडायचे. पण येतो कुठून ते कळेना, कुणी म्हणे इथेच कुठेतरी गवतात लपून हिवाळा काढत असेल. मग जुलै 1967 मध्ये हवामान खात्याचं एक जहाज किनाऱ्यापासून सुमारे 500 किलोमीटर दक्षिणेला भर समुद्रात उभं होतं, त्याच्यावर तुडतुड्यांचे थवेच्या थवे येऊन पडले! आजूबाजूला नुसतं पाणी, म्हणजे हवेतूनच आले ना.

स्वतःच्या पंखांवर तो फार जात नाही हो, वारा नेतो. तिकडच्या पावसाळ्यात चीनकडून नैऋत्येचा जोरदार वारा असतो, त्यावर दीड-एक दिवसात जपान.

आता पत्ता कसा काढतात ते बघा, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. किडा सापळ्यात कधी सापडला ते माहीत असतं, तिथून वाऱ्याची नोंद तासातासाने उलटी मोजत नकाशावर रेघ ओढत जायचं, आणि हा उडतो फक्त पहाटे नाहीतर संध्याकाळी, उजेड मंद असताना, म्हणून त्या वेळेला रेघ जमिनीवर जिथे पोचते तिथलं भाताचं शेत पकडायचं. बहुतेक वेळा दक्षिण चीन निघतो, आणि तिथे तो वसंतात येतो उत्तर व्हिएतनाममधून, जिथे हिवाळ्यातही भात उभा असतो. औषधाने पण हेच दाखवलं. 2005 च्या आसपास इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला व्हिएतनाम, चीन आणि जपान, तिन्हीकडचा तपकिरी तुडतुडा दाद देईना, म्हणजे फवारणी एकाच्या शेतात आणि ताप दुसऱ्याच्या देशात.

तुमच्याकडे मात्र तशी थंडी नाही, वर काही ठिकाणी उन्हाळी धान पण असतं, त्यामुळे त्याला वर्षभर खायला मिळतं आणि समुद्रापलीकडून यायची गरजच पडत नाही. वाऱ्यावर दोष ढकलण्याआधी बुंध्याशी वाकून बघा, पाण्याच्या जरा वर बसलेला असतो. उडून आलेला नेहमी लांब पंखांचा. आखूड पंखांच्या माद्या दिसल्या तर त्या तुमच्याच बांधीत जन्मलेल्या, मग युरियाचा हात आखडा, पाणी काढून टाका आणि औषध मारायचंच झालं तर शेंड्यावर नाही, बुंध्यावर मारा.