वाचक विचारतात: गावाच्या मध्यभागी तो हौद कशाला?

प्रश्न: मुलगी जॉबसाठी फ्रान्सला असते, परवा ती बर्गंडीतल्या एका खेड्यात फिरून आली. फोटोत गावाच्या मधोमध कौलारू छप्पर, खाली दगडी हौद, आत नुसतं पाणी, ना देव ना पुतळा. म्हणे गाव जेमतेम दीडशे माणसांचं, तरी मेयर आहे! एवढ्याशा गावाला मेयर कशाला, आणि त्या हौदात जपण्यासारखं काय?

उत्तर: ताई, तो हौद म्हणजे लाव्वार, गावातल्या बायकांची कपडे धुवायची जागा. कॉलऱ्याच्या साथींनी हाहाकार उडवल्यावर 1851 मध्ये सरकारने कायदा करून असे लाव्वार बांधायला अनुदान दिलं आणि मग गावोगावी ते उभे राहिले. फोटो झूम करून बघा, हौदाच्या कडेचे दगड पाण्याकडे उतरते दिसतील, त्यावर कपडा टाकून धोपटण्याने बडवायचा. बाई गवत भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बसायची, थंडीत सुद्धा, पाणी बर्फासारखं. चादरी वगैरेंची मोठी धुलाई वर्षातून मोजक्याच वेळा व्हायची, तीही राखेच्या गरम पाण्याने, तीन दिवस. पहिला दिवस भिजवायचा, दुसरा राखेचं उकळतं पाणी पुन्हा पुन्हा ओतायचा म्हणून त्याला नरक म्हणायचे, आणि तिसऱ्या दिवशी लाव्वारवर खळबळून काढलं की स्वर्ग! मग घरोघरी वॉशिंग मशीन आली आणि हौद रिकामे पडले. मला विचाराल तर राजवाड्यांपेक्षा मला हेच बघायला आवडतं, कारण राजवाड्यात कोण राहिलं ते सगळ्यांना माहीत असतं, इथे कुणाचे गुडघे झिजले ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आता मेयर. 1789 च्या क्रांतीनंतर जवळपास प्रत्येक गावाला आपली कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी स्थानिक कारभाराची सर्वात लहान संस्था, मिळाली, आजही देशात सुमारे 35 हजार आहेत, बहुतेक छोटी. ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दून शहराजवळ तर पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेली सहा गावं आहेत जिथे आज कुणीच राहत नाही, तरी मेयर आहे, गावाची आठवण पुसायची नाही म्हणून. बाकी ठिकाणी मेयर लग्नं लावतो, रस्ते बघतो, आणि चर्चचं गळकं छप्पर हीसुद्धा त्याचीच डोकेदुखी, कारण चर्च आणि सरकार वेगळं करणाऱ्या 1905 च्या कायद्यानंतर जुनी चर्चेस कम्यूनच्या मालकीची झाली. दीडशे लोकांच्या गावाला एवढा खर्च झेपेल का, तुम्हीच सांगा.

आणि वारसा फक्त दगडाचा नाही हं. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ओलेरों बेटावर मॉरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून सुट्टीत येणारे शेजारी थेट कोर्टात गेले! 2019 मध्ये कोंबडा जिंकला, आणि जानेवारी 2021 मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे असा कायदाच झाला, म्हणजे कोंबडा, चर्चची घंटा, शेणाचा वास, सगळं आलं.

तुम्ही लेकीकडे जाणार असाल तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार गाठा, तेव्हा देशभर वारसा दिवस असतात आणि एरवी कुलूपबंद असलेल्या बऱ्याच जागा उघडतात. फक्त जेवण आधी उरका, कारण खेड्यात दुपारी बारा ते दोन दुकान उघडं सापडणं कठीण, आणि लाव्वारच्या कडेला बसून पोट भरत नाही.