वादसभा आणि पाठ केलेली भाषणे

प्रश्न : मी कोथरूडमधील एका शाळेत नववीला मराठी शिकवते. वर्गात वादसभा घेतली, की चार-पाच मुले घरून पाठ करून आणलेली भाषणे म्हणून दाखवतात, पुढे आरडाओरडा होतो आणि उरलेली पन्नासेक मुले नुसती बघत बसतात. ३५ मिनिटांच्या तासात हे कसे सावरावे?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आपण घेता ती वादसभा नसून वक्तृत्वस्पर्धा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून तरी पुण्याला भाषणांची गोडी आहेच. परंतु व्याख्यात्याला समोरून लगेच उत्तर मिळत नसते आणि वादाचा सारा जीव त्या उत्तरात असतो.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडून मग उत्तरपक्षाकडे, म्हणजे आपल्या उत्तराकडे, वळण्याची जी रीत आहे, तीच वर्गात आणावी. ‘तुमचे म्हणणे असेच आहे ना?’ असे विचारून समोरच्याने ‘होय’ म्हटल्याखेरीज कोणालाही खंडन करू देऊ नये, आणि निम्मे गुण या मांडणीलाच ठेवावेत. पाठ केलेले भाषण येथे पहिल्याच मिनिटाला अडते, मग ते वडिलांनी कितीही सुरेख लिहून दिलेले असो.

विषय मुलांना पायी जाऊन पाहता येईल असा असावा. ‘विज्ञान : शाप की वरदान’ आता पुरे. वेताळ टेकडीवरून प्रस्तावित असलेला बालभारती–पौड फाटा रस्ता घ्यावा, कारण विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी आणि टेकडीवरची झाडी ही दोन्ही आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तयारी दोन्ही बाजूंची करवून घ्यावी व कोणी कोणती बाजू मांडायची, हे तासाच्या आरंभी चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

प्रत्येक बाजूने दोघांनीच, दोन-दोन मिनिटे बोलावे. श्रोत्यांनी आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वहीत लिहावा आणि शेवटची दहा मिनिटे त्यांना द्यावीत. तेथे न बोलणाऱ्या मुलांची नावे आपण स्वतः पुकारावीत. स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढण्याला न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, ‘वितंडा’ म्हणतात. हा शब्द मुलांना शिकवून ठेवावा आणि तसे कोणी करू लागल्यास श्रोत्यांनी नुसता हात वर करावा, म्हणजे ओरडावे लागणार नाही.