दुष्काळ पडतो, उपासमार कोण करते?

सुदानमधील युद्ध आणि भूक यांवर चार दशके संशोधन करणारे ब्रिटिश अभ्यासक ॲलेक्स डी वाल यांच्या लेखाचा अनुवाद करताना आपण विचारले आहे, की इंग्रजी ‘फॅमिन’साठी सरसकट ‘दुष्काळ’ लिहिले तर चालेल का, की काही ठिकाणी ‘उपासमार’ म्हणावे लागेल. माझ्या मते सर्वत्र एकच शब्द ठेवल्यास लेखकाचा मुद्दाच अनुवादातून निसटेल.

आजच्या मराठीत ‘दुष्काळ’ या शब्दाचा रोख पावसाकडे आणि पिकाकडे आहे. म्हणूनच आपण ‘ओला दुष्काळ’ही सहज म्हणतो, आणि पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या खाली गेली की दुष्काळ जाहीर करण्याची मागणी होते, त्यासाठी कोणी भुकेने मरावे लागत नाही. (सरकारी भाषा याहून सावध आहे. १९६३ साली महाराष्ट्राने खास कायदा करून ‘फॅमिन’ हा शब्दच राज्यातील कायद्यांतून वगळला आणि त्या जागी टंचाई आणली.) ‘फॅमिन’ची आजची तांत्रिक कसोटी मात्र थेट मृत्यूपर्यंत जाते: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची वानवा, ३० टक्के बालके तीव्र कुपोषित आणि दर १०,००० माणसांमागे दिवसाला किमान २ मृत्यू.

गंमत अशी, की डी वाल यांनी १९८४-८५ च्या दुष्काळात पश्चिम सुदानमधील दार्फुर प्रदेशात जे ऐकले ते इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहे. तेथील लोकांचा ‘मजाआ’ हा शब्द टंचाई, भूक आणि कंगाली या सर्वांना व्यापतो; माणसे मरू लागली, की त्याला ‘मारणारा’ असे विशेषण वेगळे जोडावे लागते. लोकांची धडपडही केवळ पोट भरण्याची नव्हती, तर संसार मोडू न देण्याची होती. ‘मुखेत’ नावाची कडू रानफळे दिवसेंदिवस पाण्यात भिजवून, कडूपणा काढून ते खात होते, पण पेरणीचे बियाणे राखून ठेवत होते. भुकेल्या मुलांनी ते खाऊ नये म्हणून बाजरीत वाळू मिसळल्याची नोंद डी वाल यांनी केली आहे. शिवाय मृत्यू झाले ते बहुतांशी गोवर, हगवण आणि हिवतापाने. तेव्हा अशा मजकुरात ‘भूकबळी’ हा शब्द जपून वापरावा.

खरी अडचण पुढे, त्यांच्या नंतरच्या लेखनात येते. तेथे त्यांचा आग्रह आहे, की इंग्रजीतले ‘स्टार्व्ह’ हे क्रियापद सकर्मक म्हणून वाचावे, कारण आधुनिक काळात माणसांना उपाशी मारणारी माणसेच असतात. मराठीला हे अवघड जाऊ नये, कारण ‘उपासमार’ या शब्दात ‘मार’ उघड बसलेला आहे. तरीही आपली वृत्तपत्रे ‘मजुरांवर उपासमारीची वेळ’ असाच मथळा देतात. वेळ येते, पण ती कोणी आणली हे वाक्यात कुठेच नसते. दुष्काळही पावसासारखा ‘पडतो’, आणि तो पाडणाऱ्यासाठी आपल्याकडे रुळलेले क्रियापद नाही. युद्धाच्या जुन्या मराठीत मात्र कर्ता लपत नव्हता: ‘रसद तोडणे’ म्हटले, की ती कोणी तोडली हे सांगावेच लागते. पानिपतावर १७६० च्या अखेरीस अब्दालीने मराठ्यांची रसद तोडली, आणि छावणीत फौजेबरोबर यात्रेकरू व बायकामुलेही उपाशी राहिली.

म्हणून १९८४ च्या अवर्षणाबद्दल ‘दुष्काळ’ खुशाल लिहावे. त्याच दार्फुरमधील झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फॅमिन’ घोषित झाला, तेव्हा शेजारच्या एल फाशर शहराला निमलष्करी दलाचा वेढा होता. तेथे ‘दुष्काळ पडला’ हे वाक्य मला चुकीचे वाटते. ‘वेढा घालून लोकांची उपासमार केली’ असे लिहावे, आणि ‘होणे’ऐवजी ‘करणे’ हे क्रियापद मुद्दाम योजावे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातील ५४ वे कलमही आपल्या लेखात येणार असेल, तर ‘युद्धाची पद्धत म्हणून नागरिकांची उपासमार करण्यास मनाई आहे’ असा अनुवाद बरोबर बसतो. तेथे ‘उपासमार होण्यास मनाई’ लिहून पाहिले, की वाक्य निरर्थक होते.