रिकेट्स ग्लेनला पहिल्यांदा जाताय?

मुलं सात-आठ वर्षांची असतील, तर पेनसिल्व्हेनियातलं हे पार्क छानच. पण फॉल्स ट्रेलचा, म्हणजे धबधब्यांच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेचा, 7.2 मैलांचा पूर्ण फेरा पहिल्याच खेपेला घेऊ नका. वरचा 3.2 मैलांचा करा. 94 फुटी गनोगा धबधबा त्यातही येतोच. दगडी पायऱ्या मात्र धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या असतात. माझी लेक साध्या कॅनव्हासच्या बुटांत आली होती. घसरली, गुडघा चांगलाच सोलवटला. तेव्हापासून खाचदार तळाचे बूट असल्याशिवाय मी कुणाला खाली उतरू देत नाही. तुम्हीही देऊ नका.

तंबू पार्कमधल्या ‘लेक जीन’ तलावाजवळ लावा, पण त्याआधी घरच्या अंगणात एकदा लावून बघा, अंधारात खुंट्या शोधत बसण्याची पाळी नको. उन्हाळ्यातही पहाटे गारठा असतो, स्वेटर घ्याच. तिथे काळी अस्वलं आहेत. चिवडा, लाडू, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत, काचा बंद करून. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथल्याच भागात विकत घ्या.

जेवणाचा घाट घालू नका. बेसन, मिरच्या, लसूण न्या. दमून आल्यावर शेगडीवर दहा मिनिटांत पिठलं होतं, आणि मुलं ते चाटूनपुसून खातात.