आवृत्ती बंद झाली, उपसंपादकाची नोकरी गेली. आता कॉपीरायटिंगमध्ये, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्यात, जमेल का?

तुम्ही लिहिलंय की ९ वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतात, आवृत्तीच बंद केली, वय ३८, दोन मुलं शाळेत, आणि सगळे म्हणतायत की तुला लिहिता येतं तर कॉपीरायटिंग कर. जमेल. पण लिहिता येतं म्हणून नाही, वेगळ्या कारणाने जमेल, ते खाली सांगतो.

त्याआधी एक. राजीनाम्यावर सही केली नसेल तर थांबा. मी नाशिकला एका दैनिकात ११ वर्षं होतो. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, घरोघरी पेपर टाकणं बंद, जाहिराती आटल्या, पानं निम्मी झाली आणि जूनमध्ये एचआरचा फोन आला की राजीनामा मेल करा. मी अर्ध्या तासात केला. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात असं होतं, मग नोटिशीच्या काळाचा पगार आणि नोकरकपातीची भरपाई मागणं फार अवघड जातं. तेव्हा १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा होता, संपादकाला ६ महिने आणि बाकी पत्रकारांना ३ महिन्यांची नोटीस. मला हे पाठ होतं, पण त्या दिवशी काहीच सुचलं नाही. आता नव्या कामगार संहिता आल्यात, त्यामुळे कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवा आणि मगच सही करा. ग्रॅच्युइटी मात्र नक्की मागा, शेवटचा मूळ पगार (बेसिक) आणि महागाई भत्ता (डीए) मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. ९ वर्षांचे बऱ्यापैकी पैसे होतात, पहिले दोन-तीन महिने त्यावर निघतात.

आता मूळ प्रश्न. मला पहिलं काम मिळालं ते द्राक्षावरच्या एका बुरशीनाशकाचं पत्रक. १५०० रुपये. कंपनीचा मूळ मजकूर हिंदीत होता आणि त्याचं मराठी कुणीतरी करून ठेवलेलं, ‘आपल्या पिकाला द्या सुरक्षेचे मजबूत कवच’. मला म्हणाले फक्त शुद्धलेखन बघा. मी बघितलं, दोन वेलांट्या सुधारल्या, आणि रात्री झोप येईना कारण एकही बागायतदार असं बोलत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पिंपळगाव बसवंतकडे गेलो आणि एका कृषी सेवा केंद्रात सकाळपासून दुपारपर्यंत नुसता बसून राहिलो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दिवस, मध्येच पाऊस, सगळ्यांना डाऊनीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती. प्रत्येक जण दुकानदाराला एकच विचारत होता, मारल्यावर किती तासांनी पाऊस आला तर चालेल? कवच कुणी मागितलं नाही. मी कंपनीला फोन करून तेच विचारलं. विक्रीवाला म्हणाला दोन तास लिहा. मी म्हटलं टेस्टचा कागद पाठवा, तर कागदात चार तास होते. मग चार लिहिले. ‘फवारून चार तास झाले? मग पाऊस येऊ द्या.’ पिकाचं नाव, रोगाचं नाव, डोस सगळं लेबल क्लेमशी, म्हणजे औषध कुठल्या पिकावर आणि रोगावर वापरायला मंजुरी आहे त्याच्याशी, ताडून घेतलं, कारण द्राक्षवाल्यांचा माल युरोपात जातो आणि औषधाच्या अवशेषांच्या तपासणीत अडकला तर नुकसान शेतकऱ्याचं होतं, पत्रक लिहिणाऱ्याचं नाही.

तर हे कारण. लिहिणारे खूप आहेत, पण उठून जाऊन विचारणारे आणि कागद मागणारे फार कमी, आणि तुम्ही ९ वर्षं दुसरं काय केलंत? वार्ताहराची बातमी आली की आकडा कुठून आला हे विचारलंच ना. जाहिरातीतही दावा केला की पुरावा लागतो. जाहिरातींवर देखरेख करणारी एएससीआय ही संस्था १९८५ पासून मुंबईत आहे, तक्रार आली की पहिला प्रश्न तोच, आणि औषधांच्या चमत्कारी जाहिरातींवर तर १९५४ पासून कायदा आहे. ‘१०० टक्के गुण’ लिहा म्हणणारा क्लायंट तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. नाही म्हणा, आणि त्याऐवजी काय खरं लिहिता येईल ते शोधून द्या.

दुसरी गोष्ट मराठीची. मोठ्या ब्रँडचं बरंचसं मराठी काम हे अॅडॅप्टेशन असतं, हिंदी फिल्म तयार असते, तुम्ही ओठांच्या मापात मराठी बसवायचं. ‘वेदनेपासून आराम मिळवा’ असं सगळीकडे वाचतो आपण, पण आपली आई ‘आता दुखायचं थांबलं’ म्हणते. ‘त्वचेला बनवा मुलायम’, ‘आजच घरी घेऊन या’, हे मराठी नाहीच, मराठी अक्षरात लिहिलेलं हिंदी आहे, आणि मला याचा मनापासून त्रास होतो. हल्ली यात मशीनने केलेल्या भाषांतराची भर पडलीय, पण ते दुरुस्त करायचं काम आपल्याकडेच येतं आणि ते नीट करणाऱ्याला पुन्हा बोलावतात.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. डेस्कवर सवय असते की काय, कुठे, केव्हा, कुणी सगळं इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. माझा पहिला रेडिओ स्पॉट ३० सेकंदांचा होता आणि मी ११० शब्द लिहिले. आरजे वाचताना धापा टाकायला लागली. आता मी ६०-६५ च्या पुढे जात नाही आणि पाठवायच्या आधी मोबाइलवर वेळ लावून स्वतः मोठ्याने वाचतो. मापं फार कडक असतात. गुगलच्या सर्च जाहिरातीत हेडलाइन ३० अक्षरांची, आणि आपला काना-मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांसाठी’ लिहिलंत की १७ संपले. ‘मुलांसाठी’ मध्ये ९ च जातात. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. पण सिंगल कॉलमची हेडिंगं तुम्ही रोज रात्री लावलीत ना, दोन ओळी, ओळीत नऊ-दहा अक्षरं? तेच हे काम आहे.

एजन्सीला बातम्यांची कात्रणं पाठवू नका, कुणी वाचत नाही, मी ४० मेल पाठवून हे शिकलो. तुमच्या गावातल्या पाच खऱ्या जाहिराती घ्या, सराफ, क्लासेस, दूध डेअरी, बिल्डर, दवाखाना. मूळ जाहिरात एका बाजूला, तुमची दुसऱ्या बाजूला, आणि खाली दोन ओळी की कुणाशी बोललात आणि काय बदललंत. मला पुण्याच्या एजन्सीत घेतलं ते त्या द्राक्षाच्या पत्रकावर. पगार पेपरपेक्षा दोन हजारांनी कमी होता, आणि त्याआधीचे सात महिने फ्रीलान्सवर महिन्याला नऊ-दहा हजारच सुटत होते, घर बायकोच्या नोकरीवर चाललं. हे घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांगा. फ्रीलान्स करताना निम्मे पैसे आधी घ्या आणि दुरुस्त्या दोनच वेळा हे मेलवर लिहून ठेवा. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला असेल तर रिटर्न भरून जास्तीचा परत मिळतो, तो सोडू नका.

बायलाइनचं, म्हणजे मजकुरावर आपलं नाव छापून येण्याचं, तुम्ही विचारलंत. नसते. पहिलं वर्ष फार जड गेलं, रस्त्यावर आपली ओळ होर्डिंगवर दिसते आणि कुणाला सांगता येत नाही. आणि जुने सहकारी म्हणालेच, विकला गेलास. त्यावर मी खूप विचार केला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापण्याचं प्रकरण आपल्याच राज्यातून देशभर गाजलं होतं. तिथे वाचकाला ती जाहिरात आहे हेच कळू दिलं नव्हतं. मी जे लिहितो ते जाहिरात म्हणूनच छापलं जातं आणि त्यातला आकडा खरा असतो. मला पुरतं तेवढं.

कोर्स लावू का म्हणालात, १८ हजारांचा. आत्ता नको. त्यापेक्षा चार दिवस चार दुकानांत जाऊन बसा आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न कुठला विचारतं तो तसाच्या तसा, त्याच्या शब्दांत वहीत उतरवा.