निष्काळजीपणा सिद्ध न होताही कारखान्याने भरपाई का द्यावी?

कारखान्याने सर्व नियम पाळूनही अपघात झाला, तर मालकाला भरपाई द्यायला लावणे अन्याय नाही का, असे आपण विचारले आहे. घातक रसायनांच्या बाबतीत तो अन्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

टाकीच्या देखभालीवर, शीतकरण यंत्रणेवर आणि रात्रपाळीच्या माणसांवर किती खर्च करायचा, हे मालक ठरवतो. भिंतीपलीकडे राहणाऱ्याच्या हाती त्यातले काहीही नसते. त्यानेच निष्काळजीपणा सिद्ध करावा म्हटले, तर पुराव्याचे कागद असतात कारखान्याच्याच कपाटात. म्हणून धोक्याची किंमत धोका निर्माण करणाऱ्याच्या हिशेबात आणणे हाच खबरदारी वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. रस्त्यावरच्या अपघाताचे तसे नाही; तिथे पादचाऱ्याच्या सावधगिरीलाही अर्थ असतो.

दिल्लीतील ओलियम (तीव्र सल्फ्युरिक आम्ल) वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये पूर्ण दायित्वाचे, म्हणजे चूक सिद्ध न होताही नुकसानाची सगळी जबाबदारी उद्योगावर टाकण्याचे, तत्त्व मांडले आणि भरपाई उद्योगाच्या आर्थिक क्षमतेच्या प्रमाणात असावी, तरच तिचा धाक राहील, असेही सांगितले. पण 1989 मध्ये भोपाळच्या वायुगळतीबद्दल युनियन कार्बाइड कंपनीवर केलेला दावा 47 कोटी डॉलरवर मिटवण्यात आला. पुढे पात्र ठरलेल्या पीडितांची संख्या पाच लाखांहून अधिक झाली, म्हणजे तडजोडीत धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट. तरी वाढीव रकमेची केंद्र सरकारची याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. इतक्या स्वस्तात सुटका होत असेल, तर खबरदारीवर कोण खर्च करील? आम्हा इंदूरकरांना याची झळ अगदी जवळून लागली: त्याच कारखान्याचा कचरा 2025 मध्ये आमच्या शेजारच्या पीथमपुरात जाळला गेला, तोही सरकारी तिजोरीतून.

कंपनीकडे मालमत्ताच उरली नसेल, तर निकाल कागदावरच राहतो. त्यासाठी 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला, हे योग्यच झाले. मात्र विम्याचा हप्ता कारखान्याच्या सुरक्षिततेच्या नोंदींनुसार ठरला पाहिजे. सावध आणि बेफिकीर मालकांना एकच हप्ता लावला, तर पीडिताला पैसे मिळतील, पण पुढची गळती टाळण्याचे कारण मालकापाशी उरणार नाही.